गाडी कुणी उचलली?

या सदरातले अनुभव मी भाजी निवडता निवडता वाचते आणि मनातल्या मनात हसते, हे आधीच सांगून टाकते. भूतखेत, चकवा, अंगात येणं... आमच्या घरात असलं काही कधी नव्हतंच. माहेरी नाही, सासरीही नाही. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. पण खरा संकोच वेगळाच आहे. तो पुढे कळेलच.

आम्ही कोलकात्यात बेहालाला राहतो. नवऱ्याची नोकरी इथली, मी घरून काम करते. सासरे गेल्यावर सासूबाई मिरजेहून कायमच्या आमच्याकडे आल्या. आयुष्यभर पिठाची गिरणी चालवलेली बाई. पट्टे बदलणं, जात्याला टाकी लावणं, सगळं स्वतः करायच्या. इथे फ्लॅटमध्ये त्यांच्या हातांना कामच नाही, मग दिवसभर माझ्या कामावर लक्ष. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण गोडीही नव्हती. "अनघाला सगळं ऑनलाइन लागतं," असं त्या फोनवर नणंदेला सांगायच्या... आणि मला ऐकू जाईल अशा बेताने!

गेल्या हिवाळ्यात त्यांना बाल्कनीसाठी शेवंतीची रोपं हवी होती. शहराबाहेर आमतल्याच्या पुढे आत एक नर्सरी आहे, तिथे दुपारी त्यांना घेऊन गेले. नवरा ऑफिसच्या कामाला बंगळुरूला होता. परतताना मेन रोडवर गर्दी दिसली म्हणून मॅप दाखवेल तशी मी गाडी आतल्या रस्त्याने घातली. विटा बसवलेला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना तळी, पुढे बांबूच्या बेटापाशी वळण. लख्ख ऊन होतं. आणि त्या तळ्यांच्या मधोमध डावीकडचं पुढचं टायर बसलं.

मी हेल्पलाइनला फोन लावला. माणूस यायला बराच वेळ लागेल म्हणाले.

"तोवर इथे काय पूजा घालत बसायचंय?" सासूबाई उतरल्याच. "स्टेपनी आहे ना? काढ."

गाडीबरोबर कंपनीचा जो जॅक येतो तो मी तेव्हा पहिल्यांदाच हातात घेतला. कात्रीसारखा उघडणारा, आणि बूड जेमतेम माझ्या तळहाताएवढं. फिरवायला एक वाकडी सळई. रस्त्याच्या कडेची माती ओली होती. जॅक चढवायला लागलो की तो वर जायच्या ऐवजी मातीत खाली जायचा.

"हे काय खेळणं दिलंय!" सासूबाई म्हणाल्या. "ह्याच्यावर एवढी गाडी तोलायची? बघ, एखादी वीट मिळते का."

कडेला एक सुटी वीट होती, ती खाली घातली. मग गाडी उचलली गेली. मला भीती वाटत होती. "आई, राहू द्या, आपण थांबू या," असं मी म्हटलं, पण हळूच. मोठ्याने म्हणायला हवं होतं. त्यांनी नट काढले, पंक्चर झालेलं चाक ओढून बाजूला टाकलं आणि स्टेपनी बसवायला खाली मातीतच बसल्या. चाक मांडीवर घेऊन भोकं जुळवत होत्या. एक पाय गाडीखाली गेलेला.

वीट फुटली. आधी नुसता कट्ट असा आवाज झाला... आणि जॅक आडवा पडला.

गाडी खाली आली. सासूबाईंचा पाय दाराखालच्या पत्र्याखाली अडकला आणि त्या ओरडल्या. तसा आवाज मी कुणाच्याच तोंडून ऐकलेला नाही.

आता जे सांगायचंय ते मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी पळाले.

मदत आणायला गेले, असं म्हणता येईल. पण तसं नव्हतं. डोक्यात मदतबिदत काही नव्हतं. तो आवाज मला नको होता, एवढंच. बांबूच्या वळणापाशी जाऊन मी दोन्ही कानांवर हात घेऊन उभी राहिले, गाडीकडे पाठ करून. समोर तळ्याच्या पायरीवर एक बाई भांडी घासत होती. ती धावत आली, माझा दंड धरला.

"की होलो दीदी? की होलो?" काय झालं, काय झालं, विचारत होती.

मी मागे न बघताच हात केला. तिने तिकडे पाहिलं आणि तिची माझ्या दंडावरची पकड एकदम घट्ट झाली.

"गाडीटा के तुलछे गो?" ती म्हणाली. गाडी कोण उचलतंय?

मी वळले. गाडीची पुढची बाजू वर उचललेली होती. तिथे कुणी नव्हतं. रस्ता मोकळा, दोन्हीकडे पाणी, आणि सासूबाई कोपरांवर स्वतःला मागे ओढत पाय बाहेर काढत होत्या. पाय पुरता बाहेर आला, आणि मगच गाडी खाली टेकली. आदळली नाही. भरलेला हंडा सांभाळून ठेवावा, तशी टेकली.

ती बाई माझा हात सोडून त्यांच्याकडे धावली. मीही गेले, पण तिच्या मागून. तिने सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून तोंड पुसलं, हाका मारून माणसं जमवली. मध्ये एकदा तिने माझ्याकडे पाहिलं. एका टोटोवाल्याने, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षावाल्याने, आम्हाला मेन रोडपर्यंत आणलं, तिथून टॅक्सीने हॉस्पिटल. पायाचं हाड तडकलं होतं, मांस ठेचलं होतं. पण पाय वाचला.

आणि तिथेच, ड्रेसिंग चालू असताना, सासूबाई डॉक्टरांना मोडक्या हिंदीत सांगायला लागल्या, "मेरी बहू ने गाडी उठाई. अकेली ने!"

मला वाटलं, धक्क्याने बडबडताहेत. मी गप्प राहिले. डॉक्टर म्हणाले, होतं असं, संकटात माणसाला कुठून तरी बळ येतं. रात्रीच्या विमानाने नवरा आला आणि मला मिठी मारून रडला. तेव्हाही मी गप्पच. नणंदेने फॅमिली ग्रुपवर टाकलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इथल्या मराठी बायकांनी मला मध्ये बसवून टाळ्या वाजवल्या. एकीने तर माझा दंड दाबून पाहिला... आणि मी हसले.

असं हसायला एकदा लागलं की थांबवायचं कुठे, ते कळत नाही.

सासूबाईंचं वागणं मात्र पार बदललं. फोनवर माझं कौतुक सुरू झालं. जेवायला माझ्यासाठी थांबायला लागल्या. मला घास जात नसे. शेवटी एका दुपारी, त्यांच्या पायाला तेल लावताना, मी सगळं सांगून टाकलं. पळाले, कान झाकले, पाठ फिरवली... काहीही लपवलं नाही.

त्यांनी माझा तेलाचा हात धरून थांबवला.

"काहीतरीच काय बोलतेस," त्या म्हणाल्या. "तू बंपरला धरलं होतंस. तुझा हा निळा कुर्ता होता. 'आई, पाय काढा, लवकर काढा,' म्हणत होतीस. मी म्हटलंसुद्धा, अगं, तुझी पाठ जाईल."

"नाही हो आई. मी वळणावर होते. त्या बाईने माझा हात धरला होता."

"मग मला दिसली ती कोण?"

मी पुन्हा त्यांच्या पायाला तेल लावायला लागले.

"रडत होती गं ती," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्या दिवशी रडले नव्हते. एक टिपूससुद्धा नाही.

नंतर मी एकटी तिकडे जाऊन आले. भांडी घासणारी ती बाई भेटली. मला पाहून तिने आधी "माशीमा, मावशी, कशा आहेत," असं बंगालीत विचारलं. तिथे आणखी कुणी होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, मला कुणीच दिसलं नाही, फक्त गाडी वर जाताना दिसली. त्या जागेची काही गोष्ट आहे का, कुणी बुडालंय का, हेही विचारलं. तसं काही नाही म्हणे. लोक रोज येतात-जातात. गॅरेजवाल्यानेही गाडी बघून डोकं खाजवलं. जॅक मोडलेलाच होता, त्यावर गाडी पुन्हा चढणं शक्य नाही, म्हणाला.

मला आजही काही कळलेलं नाही. सासूबाईंना भास झाला म्हणावं, तर गाडी वर गेलेली मी पाहिली, त्या बाईने पाहिली. माझ्याच हातून झालं म्हणावं, तर मी कुठे होते ते मला ठाऊक आहे. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा.

आता सासूबाई काठी न घेता चालतात. परवा शेजारच्या काकूंना त्या तीच हकीकत सांगत होत्या, सुनेनं एकटीने गाडी कशी उचलली ती. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा क्षणभर थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सांगायला लागल्या. मी कप ठेवले आणि आत निघून गेले.