पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या मॅट्स

त्या घटनेची आठवण आजही निघाली की माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी तापतं.

तेव्हा मी सुरतमध्ये, अमरोलीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तेवढ्यात एक बाई आली. पर्वत पाटियाजवळच्या एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, धागे कापायचं काम करणारी, राहायला कोसाडच्या वसाहतीत. टेबलावरच्या पाटीवरचं माझं आडनाव वाचून तिनं ओळखलं की मीही खान्देशातलाच, आणि सरळ घरच्या बोलीत सुरू झाली.

"साहेब, मनी पोरनं खांदानं हाड मोडनं. जी मॅटवर ती पडाले पायजे व्हती, ती मॅटवर आमना खातामा मशीन उभं शे. मी रोज त्याना जवळ बसस."

वसाहतीतल्या हॉलमध्ये मुलींसाठी ज्यूदोचं केंद्र होतं. वस्त्यांमधल्या मुली खेळात याव्यात असं सरकारचं धोरण होतं. ज्यूदो जिथे जन्मला त्या देशाशी सहकार्याचा करार झाला होता. तिथून मॅट्स आल्या होत्या, तिथले प्रशिक्षक पाहणीला येणार होते आणि एका मुलीला निवडून तिकडच्या शिबिराला नेणार होते. कागदावर काही खोट नव्हती. या बाईची मुलगी केंद्रात सगळ्यांत चांगली, निवड तिचीच होणार असं सगळे म्हणत. आणि पाहणी तोंडावर आली असताना ती उघड्या फरशीवर आपटली होती. आईला खात्री होती की मॅट्स त्याच आहेत, कारण उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या आयांना त्यांवर बसवून फोटो काढले होते.

मी अर्ज नोंदवून घेतला आणि फौजदाराला खात्यावर धाडलं. तोवर तिथे मशीनखाली नुसती फरशी उरली होती. हॉलवर गेलो तर मॅट्स व्यवस्थित अंथरलेल्या. परदेशी पाहुणे येणार म्हणून टेम्पोनं परत आणल्या होत्या, हे नंतर कळलं. केंद्राचा संचालक हसतमुख माणूस. "या इथेच असतात, हलल्याच नाहीत," म्हणाला आणि वर खोटी तक्रार केल्याबद्दल बाईवरच कारवाई करा असा आग्रह धरला. त्याच संध्याकाळी खात्याच्या मालकानं तिला कामावरून काढलं. मी तिचा जबाब पुन्हा घेतला. रचून सांगणारा माणूस दुसऱ्या वेळी काहीतरी सुधारून सांगतो. हिनं काहीही सुधारलं नाही.

पाहुणे आले त्या दिवशी बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. पांढऱ्या सुती पोशाखातल्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि ती मुलगी हात झोळीत अडकवून बाजूच्या बाकावर बसली होती. परदेशी प्रशिक्षक म्हातारे होते. मॅटच्या कडेला थांबून ते वाकले, तळहात मॅटवर टेकवला. हात उचलला तेव्हा त्याला सोनेरी टिकल्या चिकटल्या होत्या, साड्यांवर मशीननं लावतात तसल्या. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग मुलींच्या पांढऱ्या कपड्यांकडे, मग संचालकाकडे.

मी बूट काढून पुढे गेलो. मॅट्सच्या प्रत्येक सांध्यात टिकल्या खचून भरल्या होत्या आणि जागोजाग मशीनच्या पायांचे चौकोनी खड्डे होते. तेवढ्यात वरून फोन आला, पाहुणे गेल्यावर काय ते बघा, देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे. मी सांगितलं, झाडूवाला दारात उभा आहे, पाहुणे जाईपर्यंत पुरावा केरात जाईल. आणि अब्रू तर त्या मुलीचं हाड मोडलं तेव्हाच गेली होती. दोन पालकांना पंच केलं आणि पाहुण्यांच्या समोर पंचनामा सुरू केला.

ठाण्यात आणल्यावर संचालकानं बिनसाखरेचा चहा मागितला. चोर घाबरतो. आपण काही वावगं केलंच नाही असं मानणारा चहा मागतो, आणि मला जास्त राग त्याचाच येतो. सांध्यांतल्या टिकल्यांची पुडी समोर ठेवली, खात्याच्या मालकानं दिलेली कबुली वाचून दाखवली. वरच्या मजल्यावरच्या मशीनची थरथर खालच्यांना सोसवत नव्हती, म्हणून त्यानं मॅट्स भाड्यानं घेतल्या होत्या. तेव्हा कुठे संचालक बोलला.

"साहेब, छोकरीओ रोज पडे तो घसाई जाय ने. पछी मेहमानने शुं बतावीए?"

मुली रोज पडल्या की मॅट्स झिजतील, मग पाहुण्यांना काय दाखवायचं! टेबलावरची फाइल मी इतक्या जोरात आपटली की रायटर हवालदार आत धावत आला.

गुन्हा दाखल झाला, आणि मॅट्स मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या खोलीत कुलूपबंद झाल्या. म्हणजे मुली पुन्हा फरशीवरच. क्रीडा कार्यालयाला लिहिलं तर उत्तर आलं की निर्णय विचाराधीन आहे. ताब्यात घ्यायला कोणी फिरकेना. शेवटी पालकांनी कोर्टात अर्ज केला आणि त्या बाईच्या नावानं सुपुर्दनामा झाला, म्हणजे खटला संपेपर्यंत मॅट्स तिच्या ताब्यात. अट नेहमीची: माल जसाच्या तसा सांभाळायचा, मागितला की हजर करायचा. अट ऐकून ती माझ्याकडे आली.

"जशीना तशी म्हंजे परत कुलूपमाच का, साहेब?"

"अंथरा," मी म्हणालो. "जाब द्यायचा तो मी देईन."

मुलीचं शिबिर हुकलं ते हुकलंच. पाहुणे कोणालाही न निवडता परत गेले. पण हाड सांधल्यावर ती त्या मॅट्सवर परत उतरली आणि तिच्यामागे वसाहतीतल्या बाकीच्याही. या प्रकरणानं मला शिकवलं ते इतकंच: आपल्याकडे वस्तू चोरीला जाण्याआधीच कपाटात मरते, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला आपण जबाबदार माणूस म्हणतो.

खटला उभा राहिला तेव्हा मॅट्स कोर्टात आणल्या. मधोमध रंग उडालेला, कडा फाटलेल्या. आरोपीचे वकील तावातावानं उठले, मुद्देमालाची पार वाट लावली म्हणाले. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकापाशी ती बाई पदर मुठीत धरून उभी होती.

"होय, नामदार," मी म्हणालो. "मुली पडून पडून झिजल्या. त्या देशानं पाठवल्याच होत्या त्यासाठी."