न तपासलेला नर

ऑफिसात तिला सगळे माशीबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. कीड ओळखायच्या विभागात तेवीस वर्षं काढल्यावर माणसाला याहून वाईट नाव पडू शकतं, असं ती म्हणायची. ढेकणांचं टेबल ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा.

लोक शेतातून, कुरणातून, बंदरावरून मेलेल्या माश्या पाठवत. ती भिंगाखाली बघून सांगे, ही इथली की बाहेरून आलेली. गवतावरच्या माश्यांत तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. या माश्या बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. खरी ओळख नराच्या शेपटाकडच्या टोकात असते. ते टोक कापायचं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायचं आणि आतले हुकासारखे बारीक आकडे सुटे करून बघायचे. तासाभराचं काम.

सहा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी साडेचारला क्रीडा मंडळाच्या मैदानाचा माळी तिच्याकडे आला. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तीन माश्या आणि कागदात गुंडाळलेला गवताचा झुबका. मंडळानं परदेशातून चटईसारख्या गुंडाळ्या करून हिरवळ आणली होती, आणि आता मधला कोवळा पोंगा वाळत होता, नुसता ओढला तरी हातात येत होता. माळ्याचं म्हणणं होतं की ही माशी आपल्याकडची नाही, आपण अशी कधी पाहिली नाही.

तीनपैकी दोन माद्या होत्या, एक नर. पण पाचच्या बसनं तिची थोरली बहीण येणार होती, दोन वर्षांनी. तिनं माश्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि सांगितलं, "ही आपली नेहमीचीच खोडमाशी, काका. हिनं एवढं नुकसान होत नाही. पाणी जास्त होतंय का बघा."

अहवालात तिनं लिहिलं, 'नराची तपासणी केली. जात स्थानिक. जास्त पाणी दिल्याचा संशय.' पहिलं वाक्य धडधडीत खोटं होतं, पुढची दोन सवयीनं सुचलेली. माश्या स्पिरिटमध्ये टाकल्या, बाटलीवर चिठ्ठी लावली आणि ती बस स्टँडवर धावली. बहिणीची बस चाळीस मिनिटं उशिरा आली.

पुढे कुणाकडून तरी तिच्या कानावर आलं की मैदानाची हिरवळ जळून गेली आणि मंडळानं तिचाच अहवाल वाचून दाखवत माळ्याला काढून टाकलं. बिचारा, असं ती मनाशी म्हणाली आणि कामाला लागली.

यंदा आसपासच्या कुरणांत पिवळे चट्टे पडायला लागले. गुरं राखणाऱ्यांच्या तक्रारी आल्या आणि माशी परकी निघाली. ती नेमकी कधी शिरली हे कळावं म्हणून साहेबांनी दहा वर्षांच्या जुन्या बाटल्या पुन्हा तपासायला सांगितल्या. अर्थातच माशीबाईंना.

चौथ्या दिवशी तिच्याच अक्षरातली चिठ्ठी समोर आली. बाटलीतला नर तिनं भिंगाखाली धरला. त्याचं टोक जागच्या जागी होतं. सहा वर्षं ती बाटली कपाटात बसून सांगत होती की तपासणी झालीच नाही. तिनं ते टोक आता कापलं, उकळलं, आकडे मोकळे केले. इथल्या माशीचे चमच्यासारखे पसरट असतात. हे बारीक, दुभंगलेले, आत वळलेले. परकीच.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. म्हणाला, "माझ्या नजरेतूनही चुका सुटतात. आता कोण विचारतंय?"

"सुटली नाही रे. न वाचताच तू सही ठोकली असतीस, तसं आहे हे."

त्यानं ताट पुढे सारलं.

साहेबांनी ऐकून घेतलं, सहा महिने स्वतंत्र सही करायची नाही असं सांगितलं, आणि वर शाबासकीही दिली. कारण त्या बाटलीमुळेच माशी हिरवळीच्या गुंडाळ्यांतून आली हे कळलं आणि तो मार्ग बंद करता आला. अहवालात 'नमुना जपून ठेवल्यामुळे' असे शब्द पडले. आपली चूकही त्यात लिहा, असं तिनं दोनदा सांगितलं. त्याची गरज नाही, असं उत्तर मिळालं. ती शाबासकी तिला शिवीसारखी लागली.

माळ्याचा पत्ता काढायला आठवडा गेला. तो एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन झाला होता. त्यानं तिला ओळखलं नाही. चौथा मजला म्हणून ती आत शिरली, आणि चौथा आला तरी उतरली नाही. लिफ्ट वर-खाली होत राहिली. लोक आत आले की ती गप्प व्हायची, उतरले की पुढचं वाक्य. असं चार फेऱ्यांत तिनं सगळं सांगितलं, बहिणीच्या बससकट.

माळी बटणांकडे बघत होता. "म्हणजे मी पाणी जास्त घातलं नव्हतं."

"नाही."

"मीसुद्धा मानायला लागलो होतो, बाई. घरात चार कुंड्या आहेत, त्यांना बायको पाणी घालते. माझ्या हाताचा मला भरवसा राहिला नाही."

तिनं माफी मागितली. त्यानं ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. हे मंडळाला लिहून द्याल का, एवढंच विचारलं.

तिनं स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं, काही न लपवता, आणि एक प्रत त्याला दिली. प्रकरण केव्हाच मिटलेलं आहे, असं मंडळाचं दोन ओळींचं उत्तर आलं. मैदानावर आता प्लॅस्टिकचं गवत होतं.

महिन्यानंतर आपल्या सुट्टीच्या दिवशी तो ऑफिसात आला. ती माशी बघायची आहे म्हणाला. तिनं त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं, भिंग नीट लावून दिलं, इथली कुठली आणि परकी कुठली ते सांगितलं. तो बराच वेळ डोळा लावून बसला. पुन्हा पुन्हा एकीवरून दुसरीवर जात होता.

"हे त्या दिवशी दिसलं असतं?"

"दिसलं असतं. तासभर लागला असता."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा भिंगात पाहायला लागला. ती बाजूला उभी राहिली. त्याला घाई नव्हती, आणि त्याला आवरतं घ्या म्हणायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.