मांजरीला पाणी पोचायला लागणारा वेळ

धरणातून किती पाणी, किती वाजता आणि किती टप्प्यांनी सोडायचं, ते खालच्या गावांना कधी पोचेल, याचा तक्ता मी तयार करायची. नोकरीचं माझं दुसरंच वर्ष होतं. दरवाजे उचलणारी माणसं वेगळी, सही करणारे साहेब वेगळे. पण आकडा माझा असायचा, आणि पावसाळाभर मला त्या आकड्याची भीती वाटायची.

त्या दिवशी सकाळी कर्वेनगरहून निघाले तेव्हाच रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. दहाच्या सुमारास वरच्या डोंगरातल्या पावसाचे आकडे आले. ते बघून साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. धरण जवळजवळ भरलेलं होतं.

"बारा वाजता विसर्ग वाढवू. तुमचा तक्ता काय म्हणतोय?"

"बारापर्यंत थांबायला नको, सर. अकरालाच वाढवू." माझा आवाज मलाच परका वाटला. लवकर सोडलं तर नदीकाठच्या वस्त्यांना सामान हलवायला वेळ कमी मिळणार होता. थांबलो असतो तर धरणात जागाच उरली नसती, आणि आलेलं सगळं पाणी एकदम सोडावं लागलं असतं. साहेबांनी सही केली. पोलिसांना, महापालिकेला, खालच्या गावांना निरोप गेले. अकराला भोंगा वाजला आणि दरवाजे उचलले गेले.

साडेअकराला पूर नियंत्रण कक्षातला फोन वाजला. शहराच्या खाली नदीकाठी असलेल्या मांजरी गावाहून एक बाई बोलत होत्या.

"मॅडम, आमचं मालक मोटर काढाया नदीत गेल्यात. मोबाईल घरीच ठिवलाय. पाणी यायला किती येळ हाय?"

उसाला पाणी द्यायच्या मोटारी तिथे नदीच्या कडेलाच बसवलेल्या असतात. पुराआधी काढल्या नाहीत तर वाहून जातात. मी तक्त्यावर बोट ठेवलं.

"पाच तास आहेत. पण त्यांना आत्ताच बोलवा."

"पाच तास? मग लई येळ हाय की." त्यांनी फोन ठेवला.

रिसीव्हर खाली ठेवता ठेवता माझी चूक लक्षात आली. आणखी पाच तास लागणार होते ते आमच्या धरणाच्या पाण्याला. पण शहरात आमच्या नदीला दुसरी नदी मिळते, आणि तिच्या लांबच्या धरणातून सकाळी सहालाच पाणी सोडलेलं होतं. तो कागद माझ्याच टेबलावर पडला होता. भर म्हणून शहरातले ओढेही सकाळपासून वाहत होते. पाच कसले, दोन तासही नव्हते. आणि त्या जुन्या फोनवर नंबर दिसत नसे. बाईंचं नाव मी विचारलंच नव्हतं.

साहेबांसमोर उभी राहिले. "सर, मी चुकीचं सांगितलं."

"किती चुकीचं?"

"तीन तास. कदाचित जास्तच."

मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत, याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी तहसील कचेरीला फोन लावला.

"सर, आपण थोडा वेळ विसर्ग कमी केला तर?"

"तिकडे चढतंय ते पाणी आपलं नाहीच. काय बंद करणार आहात आपण?" मग म्हणाले, "मांजरीच्या पोलीस पाटलांना लावत राहा."

मी लावत राहिले. रिंग जायची, कुणी उचलायचं नाही. सव्वाबाराला एकदाचा त्यांनी उचलला. "बघतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर जवळजवळ दोन तास मी खुर्चीत बसू शकले नाही. डोळ्यांसमोर चेहरा नसलेला एक माणूस वाकून नटबोल्ट सोडवत होता.

दोनला पाटलांचा फोन आला. "घावला. बाभळीला धरून व्हता. ट्रॅक्टरला दोर बांधून वढला. मोटर गेली." साहेबांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

पाणी उतरल्यावरच्या रविवारी मी मांजरीला गेले. ऊस आडवा झाला होता, पानांवर गाळ वाळला होता. तो माणूस ओट्यावर बसला होता, दोन्ही तळहातांवरच्या काट्यांच्या जखमांना पट्ट्या. पाच तास सांगणारी मीच, असं मी त्याला सांगितलं.

"तुमचं काय नाय ताई. मीच लोभ केला," तो म्हणाला.

त्याची बायको चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली. "तुम्ही पाच तास म्हनलासा म्हणून मी आधी भाकऱ्या केल्या. मग हाक माराया गेले. तवर ह्यांच्या छातीला पाणी."

ती चिडून बोलली नव्हती, जे घडलं ते सांगत होती. दुसऱ्या दिवशी तक्त्यात दुसऱ्या नदीसाठी आणि ओढ्यांसाठी रकाने वाढवले. साहेबांनी त्यावर सही केली. आता आकडा बराच बरोबर येतो. तरी कुणी विचारलं तर मी तास सांगत नाही. "आत्ताच वर या," म्हणते, आणि समोरचा माणूस खरंच हललाय हे कळेपर्यंत फोन ठेवत नाही.