इल्वाचा खण

आमच्याकडे स्वीडनमध्ये शाळेत सुतारकामाच्या तासाला सगळेच लोण्याची लाकडी सुरी करतात. माझी घरी पोचायच्या आत मोडली. माझ्या वर्गातल्या इल्वाची तिच्या घरी अजून वापरात आहे. पुढे मी साहित्य शिकायला गेलो, ती फर्निचर करायला.

"एवढं डोकं आहे तुला, आणि रंधा कसला ढकलतेस?" तिची आई म्हणायची.

"डोक्यानंच ढकलते, आई."

कारागिराचा दाखला हवा असेल, तर स्वतः घडवलेली एक वस्तू परीक्षकापुढे ठेवावी लागते. इल्वानं बर्चच्या लाकडाचं छोटं कपाट केलं. त्याला एकच खण. फेब्रुवारीत तिनं तो बसवला. बाहेर बर्फ, आत तापवलेली कोरडी हवा. बोटानं ढकलला की खण तरंगत आत जायचा. फटीत कागद शिरत नव्हता. मी आ वासून बघत राहिलो.

जूनमध्ये समुद्रावरून धुकं आलं, ते हटेचना. लाकूड फुगलं. परीक्षेच्या सकाळी खण जागचा हलेना.

"मागची फळी काढ, खण बाहेर ढकल आणि रंधा मार की दोन हात," मी म्हणालो.

"आज घाईत अंदाजानं मारला तर हिवाळ्यात खुळखुळेल."

"हिवाळ्यात परीक्षा आहे का, बाई?"

"नाही. पण कपाट असेल ना!"

परीक्षक सोल्वेग साठीच्या होत्या. त्यांनी खण ओढला. अख्खं कपाटच पुढे सरकलं.

"कधी बसवलास?"

"फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीनंतर जून येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं?"

"माहीत होतं. फट ठेवायला हवी होती. पण इतका सुंदर बसला होता, हात धजेना."

"हं. पुढच्या वर्षी ये."

नापास. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं विचारलं, "तुम्ही किती फट ठेवता?" मग त्या दोघी कपाटाला टेकून कॉफी गार होईपर्यंत बोलत राहिल्या. मी तिचा कोट घेऊन दारात उभा. मला अजून ते नीट कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी तिला दाखला मिळाला. आता ती गावातल्या जुन्या खिडक्या दुरुस्त करते. ते पहिलं कपाट ती चुलीत घालणार होती. मी मागून घेतलं.

खणात मी लोकरीचे मोजे आणि टोप्या ठेवतो. उन्हाळाभर तो उघडत नाही. थंडी पडली की एका बोटानं सरकतो.