हवामास्तरांचा तराफा

पंक्चरवाल्याला अख्खी गल्ली हवामास्तर म्हणायची. दुकानाच्या मागच्या भिंतीला त्यांनी ट्रकच्या मोठाल्या ट्यूबा टांगून ठेवल्या होत्या, आणि कुणी कितीही गयावया केली तरी त्या विकायच्या नव्हत्या. हसू नका, त्या तराफ्याच्या होत्या. धाकट्याने ट्यूबा जमवायच्या, थोरल्याने दोर, वर फळ्या ठोकायच्या आणि मोठ्या नदीत तराफा सोडून द्यायचा, हा भावाभावांचा बेत मिसरूड फुटण्याआधीचा. थोरला, म्हणजे दादा, नोकरीपायी नदीच्या मुखाशी जाऊन राहिला होता. त्याने बसने वर यायचं आणि मग दोघांनी पाण्याने त्याच्या घरी जायचं. वल्ही घ्यायचीच नाहीत, असं दादाचं ठाम मत. "नदी नेईल तेव्हा पोचू. घाईवाल्यांसाठी बस आहे."

दर रविवारी फोनवर तेच. चूल तराफ्यावर पेटवायची की काठावर उतरून? दादा घोरायचा, म्हणून मास्तरांनी त्याच्या पायाशी, दुसऱ्या टोकाला झोपायचं, एवढं मात्र पक्कं ठरलं होतं. मास्तरांची बायको आतून म्हणायची, "नमनालाच घडाभर तेल. निघणार कधी?"

निघणं राहूनच जायचं. कधी मुलीचं लग्न, कधी गळकं छप्पर, कधी दादाचा मोतीबिंदू. मास्तर दर वर्षी ट्यूबा उतरवून फुगवायचे, पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडा येतोय का बघायचे आणि पुन्हा टांगायचे. टायर खोलता खोलता त्यांना नदी दिसायची, आणि जीव नुसता तुटायचा.

मग दोन-तीन रविवार फोन आला नाही. मास्तर रुसून बसले. शेवटी स्वतःच लावला, तो वहिनींनी उचलला. दादाची एक बाजू लुळी पडली होती.

"पडून पडून पाठ सोलून निघालीय हो भाऊजी. डोळ्याला डोळा नाही."

मास्तरांनी फोन ठेवला. स्टूल ओढलं, सगळ्यात चांगल्या दोन ट्यूबा काढल्या, हवा सोडली, घड्या घातल्या आणि हातपंपासकट बस पकडली.

दादाच्या पलंगावर त्यांनी ट्यूबा फुगवल्या, दादाने जमवलेल्या दोराने एकमेकींना बांधल्या, वर रजई टाकली. वहिनींच्या मदतीने दादाला वर ठेवलं, तर तो घरंगळत थेट भिंतीला टेकला.

"गाढवा," दादा तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हणाला, "ट्रकची हवा भरलीस. मी माणूस आहे."

खरंच की! जन्मभर टायर कडक करणाऱ्या हाताला माणसाचं माप कुठून ठाऊक असणार? मास्तरांनी वाल्वची पिन दाबून थोडी थोडी हवा सोडली. दादाची पाठ हळूहळू ट्यूबांत बसली, कपाळावरची आठी गेली. मास्तरांनी सवयीने वाल्ववर थुंकी लावून पाहिली. बुडबुडा नव्हता. आता ती नदी आपल्या नशिबात नाही, हे त्यांना तेव्हा कळून चुकलं आणि डोळे भरून आले. तोंड लपवायला ते दोराचं उरलेलं टोक पलंगाच्या पायाला बांधू लागले.

दादाने चांगल्या हाताने ट्यूब दाबून पाहिली. ती डुलली, तोही डुलला.

"बांधतोस कशाला?" तो म्हणाला. "सोड की आता."

मास्तरांनी गाठ सोडली आणि ते दादाच्या पायाशी, आपल्या ठरलेल्या जागी, जाऊन बसले.