पायथॉनची नागपंचमी

संगमनेरच्या ज्या कॉलेजात मी प्रोग्रॅमिंग शिकवतो, तिथली कॉम्प्युटर लॅब एक गृहस्थ सांभाळतात. मशीन बंद पडलं की ते "रुसलं" म्हणतात. एकाच मशीनवर जावाची दोन व्हर्जन टाका म्हटलं, तर म्हणाले, "सर, दोन जावा एका घरात? भांडणं लागत्याल."

परवा मी त्यांना सांगितलं, "उद्या नवा वर्ग सुरू होतोय. सगळ्या मशीनवरचं जुनं पायथॉन काढून नवं टाका."

त्यांनी शांतपणे डबा उघडला. आत पुरणाची दिंडं होती.

"आज नागपंचमी हाय, सर. आज भाजी चिरत न्हाईत, रान खणत न्हाईत. पायथॉन म्हंजे अजगरच की. अन् तुमी मला तो मारायला लावता व्हय?"

वर एक दिंड माझ्या हातावर ठेवलं. मी चिडलो होतो, पण खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या मशीनवर नवं पायथॉन चालू. जुनं मात्र 'वारूळ' नावाच्या फोल्डरात सुखरूप.

"सण झाला. आता तरी काढा ते!"

"तुमीच काढा की," ते मिशीत हसले.

मी माउसचा बाण ऐटीत वारुळापर्यंत नेला, आणि गुपचूप चहाला निघून गेलो.