पंधरा रुपयांचं गाणं

त्या गुन्ह्याचा विषय निघाला की माझं डोकं आजही तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तरी तापतं. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. हा साधा कॉपीराइटचा गुन्हा विसरता येत नाही, कारण त्यातली पहिली चूक माझ्या सहीने झाली होती.

दोन हजारच्या दशकाची अखेर होती. गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. मोबाइलचा टॉवर नुकताच उभा राहिला होता. इंटरनेटचा पत्ता नव्हता, पण फोन घरोघर पोचले होते. लोक बाजाराच्या दिवशी दुकानात मेमरी कार्ड द्यायचे आणि गाणी भरून न्यायचे. दुकानावर पाटी असायची, ‘डाउनलोडिंग’.

एके सकाळी एका संगीत कंपनीचा प्रतिनिधी ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. म्हणाला, "गोंडी लग्नगीतांचे हक्क आमच्या कंपनीकडे आहेत. तुमच्या बाजारात आमचं अधिकृत केंद्र आहे. समोरचा मोबाइल दुरुस्तीवाला तीच गाणी फुकट वाटतो." फाइलमध्ये करारनामा होता, त्यावर दोन गायिकांचे अंगठे होते. कागद पक्के, गुन्हा दखलपात्र. मी दोन पंच घेतले, छापा घातला, संगणक आणि कार्डांचा डबा जप्त करून लाखेचं सील मारलं. दुकानदाराला ताब्यात घेतलं.

हा दुकानदार चंद्रपूरहून आलेल्या मुस्लीम कुटुंबातला. बाप घड्याळं दुरुस्त करायचा, हा आधी रेडिओ आणि मग मोबाइल. चौकशीत त्याने काहीही लपवलं नाही.

"साहेब, पिक्चरच्या गान्याचे पैसे घेतो, ते कबूल हाय. पन त्या लग्नाच्या गान्याचा एक पैसा नाई घेतला. ते मीच रेकॉर्ड केलं. दोघी बहिनी मांडवात गाऊन राहिल्या होत्या. गानं त्यायचं, मी काऊन पैसे घेऊ?"

"मग कंपनीकडे कसं गेलं?"

"हाच मानूस मागच्या साली आला होता. म्हने, गानं मस्त हाय, कॉपी दे, बाईचं नाव करतो. देऊन टाकलं."

प्रत्येक आरोपीकडे एक गोष्ट तयार असते, अशी माझी समजूत होती. जबाब नोंदवला आणि पुढच्या कामाला लागलो. आज याची लाज वाटते.

चार दिवसांनी एक बाई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. पन्नाशीची, आतल्या गावची, गोंड. तिचं कार्ड फोनमध्ये चालत नव्हतं म्हणून तिने ते दुकानदाराकडे दिलं होतं, त्याने ते दुरुस्तही केलं होतं, आणि आम्ही ते डब्यासकट उचललं होतं. महिनाभरात तिच्या मुलीचं लग्न होतं.

"मले कार्ड पायजे, साहेब. त्यात माह्या बहिनीचा आवाज हाय."

मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही, हे मी तिला समजावलं. वर शहाणपणाने म्हणालो, "बाई, तेच गाणं समोरच्या केंद्रात मिळतं की."

तिने पदराआडून फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला. "तिथूनच आनलं. रानातली चारोळी देऊन आनलं. पंधरा रुपये म्हने. आयका तुमी."

मी ऐकलं. ढोलकी होती, कीबोर्ड होता, मध्ये हिचा आवाज होता.

"माही बहीन कुठी हाय यात?" तिने विचारलं.

आमचा हवालदार स्वतः गोंड. त्याने मला समजावलं. त्यांच्याकडे हे गाणं दोघींचं असतं. एक ओळ टाकते, दुसरी ती उचलते. उत्तर आलं नाही तर गाणं लागलंच नाही, असं मानतात. कंपनीने गाणं लहान करायला उत्तराच्या सगळ्या ओळी कापल्या होत्या. बहीण हयात नव्हती. घरातल्या प्रत्येक मुलीला तिने गाऊन सासरी पाठवलं होतं, आणि हिला स्वतःच्या मुलीच्या मांडवात तो आवाज हवा होता.

मी करारनामा काढला. दुसऱ्या अंगठ्यापुढे एक नाव होतं. नाव वाचून दाखवताच बाई ताडकन उभी राहिली.

"हेच तर तिचं नाव! ती कशी आंगठा लावन? साप चावून मेली ना. तुमच्याच लोकायनं पंचनामा केला. आन मीबी कोनाले आंगठा नाई देल्ला."

ठाण्याचं दप्तर सांभाळणाऱ्या हेड मोहररकडून आकस्मिक मृत्यूचं रजिस्टर मागवलं. नोंद आमच्याच ठाण्याची होती. सर्पदंश, मरणोत्तर पंचनामा, तारीख. करारनामा त्यानंतर पाच महिन्यांनी झाला होता. मेलेल्या बाईने अंगठा लावला होता, आणि तो कागद मी, वीस वर्षं नोकरी झालेला अधिकारी, पक्का समजून बसलो होतो!

प्रतिनिधीला बोलावलं. "टायपिंगमध्ये तारीख चुकली असेल," म्हणाला. बाईचा अंगठा आणि त्याचाही अंगठा घेतला, बहिणीच्या जुन्या बँक कर्जाच्या कागदावरचा ठसा मिळवला आणि सगळं अंगुलीमुद्रा तज्ज्ञाकडे पाठवलं. अहवाल आला. करारावरचे दोन्ही ठसे याच महाशयांचे होते, एक उजवा, एक डावा.

अटक केल्यावर मी त्याला एकच विचारलं. माझा साळा चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. तेच गाणं त्याने कंपनीच्या तिथल्या केंद्रातून तीन रुपयांना भरून आणलं होतं. मग इथे पंधरा का?

"साहेब, तिकडे पोरं नेटवरून फुकट उतरवतात, भाव पाडावाच लागतो. इथे लोकांना दुसरीकडे जाताच येत नाही. देतात."

तोंड वर करून बोलला. चूक बोलतोय असं त्याला वाटतही नव्हतं. जिथलं गाणं तिथेच पाचपट महाग, आणि कारण काय, तर तिथे गरिबाला दुसरी वाट नाही! अख्ख्या नोकरीत मी आरोपीवर हात उगारला नाही, त्या दिवशी मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो.

दोन दिवसांत त्याला जामीन मिळाला. कंपनीने हात वर केले, त्याला कामावरून काढलं, पण गाणं मात्र ती विकतच राहिली. भाव पाडला तर गुन्हा नाही, चढवला तर गुन्हा नाही. माझ्याकडे त्यासाठी कलम नव्हतं. दुकानदाराला पिक्चरच्या गाण्यांबद्दल दंड झाला, तो त्याने मुकाट भरला. कार्ड सोडावं म्हणून मी कोर्टात अर्ज दिला, पण कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली की तो पुरावा आहे. तारखा पडत गेल्या. हुकूम हाती आला तेव्हा लग्न होऊन अकरा दिवस झाले होते.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. कागद पक्का दिसला की आपण माणसाला विचारणं सोडून देतो, आणि कागद नेहमी ज्याला लिहिता येतं त्याच्या बाजूचा असतो. त्यानंतर कुठलीही जप्ती करताना, ही वस्तू मुळात कुणाची, हे मी आधी विचारत आलो. त्या बाईला त्याचा काय उपयोग?

कार्ड घेऊन मी स्वतः तिच्या गावी गेलो. सुपुर्तनाम्यावर अंगठा घेतला. हवालदाराने कार्ड फोनमध्ये घालून गाणं लावलं. आधी हिची ओळ, मग बहिणीचा आवाज. बाई अंगणात खाली बसली, शेवटपर्यंत ऐकलं. डोळे पुसले. मग पदराची गाठ सोडत तिने मला विचारलं, "याचे किती द्याचे, साहेब?"